हिरड्या, झडपा आणि झटका

दंतोपचारांच्या जाहिरातींत, आरोग्याच्या सदरांत आणि व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या सल्ल्यांत एक विधान आता इतक्या सहज केले जाते की त्याला पुरावा विचारावा असे फारसे कुणाला वाटत नाही. हिरड्या खराब असल्या की हृदयविकाराचा झटका येतो आणि दात साफ करून घेतले की तो टळतो, असे ते विधान. त्यामागे शंभराहून अधिक वर्षांचे संशोधन आहे, हे खरे. पण त्या संशोधनात पक्के काय, संभाव्य काय आणि केवळ आशेवर उभे काय, हे वेगळे करून रुग्णाला क्वचितच सांगितले जाते. माझे म्हणणे असे की तोंड आणि हृदय यांच्यात दोन निरनिराळे संबंध आहेत. एक सिद्ध झालेला आहे, दुसरा अजून सिद्ध व्हायचा आहे. आणि आपल्याकडे जाहिरात होते ती दुसऱ्याची, दुर्लक्ष होते ते पहिल्याकडे. हे तपासून पाहण्यासाठी दोन बाजू समोरासमोर बसवल्या आहेत: हिरड्यांवर उपचार करणाऱ्या एक दंतवैद्य आणि वयाने त्यांच्यापेक्षा मोठे असलेले एक हृदयरोगतज्ज्ञ. ही दोन माणसे लेखापुरती उभी केलेली आहेत. ती जे दाखले देतात ते मात्र प्रसिद्ध झालेल्या संशोधनातले आहेत.

दंतवैद्य : सर, आधी हिरडीत नेमके काय घडते ते मांडते, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे जिवाणूंचा थर रोज साचतो. तो ब्रशने निघाला नाही की लाळेतल्या क्षारांनी कडक होतो, त्याचा टार्टर बनतो, आणि मग तो ब्रशला दाद देत नाही. हिरडी सुजते, घासताना रक्त येते, पुढे ती दातापासून सुटते आणि मध्ये खोल खाच पडते. लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो हाच आजार. या खाचांचे आतले अस्तर सोलवटलेले असते आणि त्याच्या पलीकडे लगेच रक्तवाहिन्या असतात. सगळ्या दातांभोवतीचा असा भाग एकत्र मोजला तर तो साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतो, असा हिशेब २००१ मध्ये मांडला गेला. तळहाताएवढी जखम असे जे सांगतात ती अतिशयोक्ती आहे, हे मी आमच्या व्यवसायाच्या वतीने मान्य करते. पण एवढी जखम पायावर वर्षानुवर्षे उघडी राहिली असती तर तुम्ही तिच्याकडे काणाडोळा केला नसता. चावताना, घासताना इथून जिवाणू रक्तात जातात. शरीर त्यांना तोंड देत राहते आणि रक्तातली दाह दाखवणारी सी-रिॲक्टिव्ह प्रथिनासारखी द्रव्ये वाढलेली राहतात. धमन्यांच्या भिंतीत चरबीचे थर साचण्यात दाहाचा वाटा आहे, हे तर तुमच्याच शास्त्राने सांगितले. फिनलंडमध्ये १९८९ साली हृदयविकाराचा झटका आलेले शंभर रुग्ण आणि साधारण तेवढेच इतर लोक तपासले, तेव्हा रुग्णांची तोंडे अधिक खराब निघाली. अमेरिकेतल्या ९,७६० लोकांच्या पाहणीवरून १९९३ मध्ये हिरड्यांचा आजार असलेल्यांत हृदयविकार २५ टक्के जास्त दिसला. स्कॉटलंडमध्ये २०१० साली ११,८६९ लोकांच्या नोंदींत, दिवसातून एकदाही नियमाने दात न घासणाऱ्यांना हृदयविकार व पक्षाघाताचा धोका ७० टक्के अधिक आढळला. आणि २०१३ मध्ये फिनलंडमध्येच झटक्याच्या वेळी धमनीतून ओढून काढलेल्या रक्ताच्या गुठळ्या तपासल्या, १०१ रुग्णांच्या. त्यांतल्या सुमारे ७८ टक्के गुठळ्यांत तोंडात राहणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंचा डीएनए मिळाला. हे सगळे योगायोगाने घडले असे म्हणायचे का?

हृदयरोगतज्ज्ञ : योगायोग म्हणणार नाही, मॅडम. सामाईक कारण म्हणेन. ज्याच्या हिरड्या खराब आहेत तो माणूस कोण आहे, हे आधी पाहा. तो बहुधा तंबाखू खाणारा किंवा ओढणारा आहे, त्याला मधुमेह असण्याची शक्यता अधिक आहे, त्याच्या हातात पैसा कमी आहे, दवाखान्यात तो दुखणे असह्य झाल्यावरच येतो. यांतली प्रत्येक गोष्ट हिरडीही बिघडवते आणि हृदयही. आपल्या राज्यापुरते बोलायचे तर २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले. ओढणारे चार टक्क्यांच्या आतबाहेर. म्हणजे आपल्याकडे तंबाखू प्रामुख्याने तोंडातच असतो, अनेक बायकांच्या बाबतीत तर मशेरीच्या रूपाने थेट हिरडीवर चोळला जातो. बावन्न देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात नुसता तंबाखू चघळणाऱ्यांनाही झटक्याचा धोका दुपटीहून अधिक दिसला होता. मग मशेरी लावणाऱ्या बाईच्या हिरड्या सुटल्या आणि पुढे तिला झटका आला, तर दोष हिरडीला द्यायचा की मशेरीला? दुसरे, तुम्ही ज्या अमेरिकी पाहणीचा दाखला दिलात त्याच पाहणीतल्या लोकांचा पुढे अधिक काळ पाठपुरावा करून, राहणीमानाचा आणि सवयींचा अधिक बारकाईने हिशेब घेऊन २००० मध्ये दुसऱ्या संशोधकांनी निष्कर्ष काढला की खात्रीलायक संबंध दिसत नाही. लोक तेच, आकडे त्याच वह्यांतले, आणि उत्तर उलटे. तिसरे, अमेरिकेतल्या बावीस हजार पुरुष डॉक्टरांचा बारा वर्षे अभ्यास झाला. शिक्षण सारखे, उत्पन्न जवळपास सारखे, धूम्रपान कमी. २००१ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षात हिरड्यांच्या आजाराचा हृदयविकाराशी स्वतंत्र संबंध सापडला नाही. समाजातली विषमता बाजूला काढली की तुमचा संबंधही विरघळतो, असे मला त्यातून दिसते.

दंतवैद्य : त्या डॉक्टरांच्या हिरड्या कुणी तपासल्या होत्या, सर? त्यांना प्रश्नावली पाठवली होती आणि त्यांनी स्वतःच 'आहे' किंवा 'नाही' असे लिहिले होते. हिरड्यांचा आजार वर्षानुवर्षे न दुखता वाढतो. माणूस डॉक्टर असला तरी त्याला आपल्या खाचा दिसत नाहीत. मोजमाप ढिले असले की खरा संबंधही फिका दिसतो. म्हणूनच स्वीडनचा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सतरा रुग्णालयांतून पंचाहत्तरीच्या आतले, पहिल्यांदाच झटका आलेले ८०५ रुग्ण घेतले आणि वय, लिंग व भाग सारखा असलेले ८०५ निरोगी लोक. प्रत्येकाची दातांची तपासणी केली, क्ष-किरण काढून हाडाची झीज मोजली. रुग्णांत ४३ टक्के लोकांना हिरड्यांचा आजार होता, निरोगी लोकांत ३३ टक्के. धूम्रपान, मधुमेह, शिक्षण, वैवाहिक स्थिती या सगळ्यांचा हिशेब वजा करूनही २८ टक्के वाढीव धोका उरला. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१२ च्या निवेदनात मान्य केले आहे की ज्ञात सामाईक कारणे बाजूला ठेवली तरी संबंध शिल्लक राहतो.

त्याच निवेदनाचे उरलेले अर्धे सांगणे इथे गरजेचे आहे. ते निवेदन लिहिणाऱ्या समितीने पाचशेहून अधिक शोधनिबंध पाहिले आणि म्हटले की संबंध आहे, पण हिरड्यांचा आजार हृदयविकार घडवतो याला, किंवा हिरड्यांच्या उपचारांनी हृदयविकार टळतो याला, पुरावा नाही. अनेक जाहिराती पहिले वाक्य उचलतात आणि दुसरे सोडून देतात, ही माझी मोठी तक्रार आहे. २८ टक्के हा आकडा कसा वाचायचा, हेही नीट पाहायला हवे. तंबाखूसारखे कारण जेव्हा धोका दुप्पट करते, तेव्हा त्याच्या मोजमापात थोडी चूक झाली तरी उत्तर पालटत नाही. पण वाढ पंचवीस-तीस टक्क्यांचीच असते तेव्हा न मोजलेली एखादी गोष्टही ती उभी करू शकते. 'धूम्रपान करता का?' या प्रश्नाला आलेल्या होकार-नकारात वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या विड्यांचा, किंवा दिवसाला किती विड्या ओढल्या याचा हिशेब पुरता येत नाही. दिवसातून दोनदा दात घासणारा माणूस रक्तदाबाची गोळीही वेळेवर घेत असतो, हे कुठल्याच रकान्यात नसते. म्हणून दंतवैद्यांच्या बाजूला जे श्रेय द्यायचे ते असे: सामाईक कारणांनी सगळे प्रकरण निकालात निघते हे म्हणणे आता धरून ठेवता येत नाही. पण उरलेला संबंध लहान आहे, आणि लहान संबंधाला कारण ठरवायचे तर पाहणीच्या पलीकडे जावे लागते.

हृदयरोगतज्ज्ञ : आणि पलीकडे गेलो तेव्हा काय झाले, याचा आम्हाला अनुभव आहे. गुठळीत जिवाणूंचा डीएनए मिळाला म्हणता. १९९० च्या दशकात धमन्यांच्या थरांत क्लॅमिडिया न्यूमोनिए नावाचा श्वसनमार्गातला जिवाणू सापडत होता. ज्यांच्या रक्तात त्याच्या खुणा, त्यांना हृदयविकार जास्त, असेही अभ्यास येत होते. तेव्हाही सांगितले जात होते की हा योगायोग कसा असेल. मग हजारो रुग्णांची सोडत काढून चाचण्या झाल्या. चार हजारांवर हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर दर आठवड्याला ॲझिथ्रोमायसिन दिले. २००५ मध्ये निकाल आला, काहीही फायदा नाही. डेन्मार्कमध्ये क्लॅरिथ्रोमायसिन दिलेल्या गटात हृदयविकाराने होणारे मृत्यू उलट वाढले. घटनास्थळी सापडला म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. फुटलेल्या थरावर रक्तात फिरणारे जिवाणू नंतर येऊन चिकटले असतील, हेही शक्य आहे. आणि मॅडम, तोंडाला सगळ्या रोगांचे मूळ मानण्याची किंमत वैद्यकाने एकदा मोजली आहे.

ती किंमत विसरण्यासारखी नाही. १८९१ मध्ये बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर यांनी तोंड हे शरीरभर पसरणाऱ्या संसर्गाचे केंद्र असल्याचे मांडले. १९०० मध्ये ब्रिटिश डॉक्टर विल्यम हंटर यांनी तोंडातल्या पुवाला अनेक रोगांचे कारण ठरवले आणि १९१० मध्ये माँट्रियलच्या भाषणात सोन्याच्या टोप्यांखाली कुजणाऱ्या दातांवर जोरदार हल्ला चढवला. शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज यांनी या विचाराला अमेरिकेत प्रतिष्ठा दिली. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे सांधेदुखी, थकवा, निद्रानाश अशा कशासाठीही दात उपटले जात होते. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी वेड बरे करण्यासाठी रुग्णांचे दात, टॉन्सिल आणि शेवटी आतडी काढली. कित्येक जण त्यात दगावले. या लाटेला आवर घातला तो मोजणीने. आधी याच विचाराचे समर्थक असलेल्या रसेल सेसिल यांनी १९३८ मध्ये संधिवाताच्या दोनशे रुग्णांचा आढावा घेतला आणि दात-टॉन्सिल काढून बहुतेकांना काहीच लाभ झाला नाही, हे जाहीर केले. मिलर आणि हंटर यांचे निरीक्षण पूर्ण चुकीचे नव्हते. चूक झाली ती निरीक्षणावरून थेट उपचारावर उडी मारण्यात, आणि ज्यांचे दात गेले त्यांना ते परत मिळाले नाहीत.

दंतवैद्य : तो इतिहास आम्हीही शिकतो, सर, आणि म्हणूनच आज कुणी हृदयासाठी दात उपटायला सांगत नाही. पण प्रतिजैविकांच्या चाचण्यांचा दाखला इथे लागू होत नाही. हिरडीखालचा जिवाणूंचा थर चिकट आवरणात असतो. नुसत्या गोळीने तो जात नाही, खरवडूनच काढावा लागतो. त्या चाचण्यांत कुणाच्याही हिरड्या साफ केल्या नव्हत्या. आता खरवडल्यावर काय होते ते पाहा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हिरड्यांचा तीव्र आजार असलेल्या १२० लोकांची सोडत काढली. एका गटाला सखोल उपचार, दुसऱ्याला नेहमीची वरवरची सफाई. सखोल उपचारानंतर चोवीस तासांत दाह वाढला आणि रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता घटली, कारण खरवडताना जिवाणू रक्तात गेले. पण सहा महिन्यांनी त्याच लोकांच्या रक्तवाहिन्या दुसऱ्या गटापेक्षा चांगल्या काम करत होत्या. हिरडीला हात लावला की धमनी प्रतिसाद देते, आधी वाईट आणि मग चांगला. ही पाहणी नव्हती, प्रयोग होता. शिवाय २०१७ च्या 'कँटोस' चाचणीत दहा हजारांवर रुग्णांमध्ये कोलेस्टेरॉलला स्पर्श न करता फक्त दाह कमी करणारे औषध दिले आणि झटके कमी झाले. दाह कारण आहे हे सिद्ध, हिरडी दाहाचा स्रोत आहे हेही सिद्ध. मधली कडी मान्य करायला तुम्ही एवढे का थांबता?

हृदयरोगतज्ज्ञ : कारण मधल्या कड्यांनी आम्हाला आधी फसवले आहे. टोरसेट्रापिब नावाच्या औषधाने चांगले कोलेस्टेरॉल झपाट्याने वाढत होते. पंधरा हजार रुग्णांवरची चाचणी २००६ च्या अखेरीस थांबवावी लागली, कारण औषध घेणारे अधिक मरत होते. रक्तवाहिनी सहा महिने चांगली प्रसरण पावली, याचा अर्थ झटका टळला असा होत नाही. 'कँटोस'मधले औषध दाहाच्या साखळीतला एक ठरावीक रेणू रोखते. हिरड्या साफ केल्याने तो किती रोखला जातो? मला झटके आणि मृत्यू मोजलेली चाचणी दाखवा. हृदयरुग्णांवरचा अमेरिकेतला 'पेव्ह' हा प्रयत्न ३०३ लोकांपुरता होता आणि त्यात दोन्ही गटांत सारखेच झाले. पक्षाघात झालेल्या २८० जणांवरच्या चाचणीचा निकाल २०२३ मध्ये आला, तिथेही दोन गटांतला फरक ठोस ठरला नाही. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनेही उपलब्ध पुरावा अपुरा ठरवला आहे.

दंतवैद्य : अपुरा, सर. विरुद्ध नव्हे. 'पेव्ह'मध्ये उपचार न मिळणाऱ्या गटातल्या अनेकांनी बाहेर जाऊन दात साफ करून घेतले, मग फरक दिसणार कसा? तीनशे लोकांत झटक्यांचा फरक मोजताच येत नाही, त्याला हजारो लोक आणि कितीतरी वर्षे लागतील. आणि इतकी वर्षे निम्म्या लोकांच्या हिरड्या सडू द्यायच्या, हे कुठली नैतिकता समिती मान्य करील? खोटी गोळी देता येते. खोटे स्केलिंग, म्हणजे दात खरवडून साफ करणे, कसे द्यायचे?

इथे दंतवैद्यांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे, आणि त्यातूनच माझा निष्कर्ष निघतो. निर्णायक चाचणी होत नाही, कारण हिरड्यांचा तीव्र आजार उपचारांविना ठेवणे अन्यायाचे आहे. म्हणजेच त्यावर उपचार करण्याचे कारण हृदयाच्या आधीच पुरेसे आहे. जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना हा आजार तीव्र स्वरूपात असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अहवालात नोंदवले आहे. त्यात दात हलतात, पडतात, भाकरी चावता येत नाही, खाणे मऊ आणि गोड पदार्थांकडे झुकते, बोलताना माणूस तोंडावर हात धरतो. एवढे पुरेसे नाही का? स्केलिंगला हृदयाचा विमा म्हणून विकण्याचा तोटा दुहेरी आहे. उद्या एखादी मोठी चाचणी नकारात्मक निघाली तर लोक हिरड्यांचे उपचारच फसवे समजतील. आणि आज, दात साफ करून आलेला माणूस तंबाखू तोंडात ठेवूनच निर्धास्त होईल. ज्याला मधुमेह आहे त्याच्यासाठी मात्र दंतवैद्याकडे जाण्याचे वैद्यकीय कारण भक्कम आहे. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर चढते. लंडनमधल्या २०१८ च्या चाचणीत सखोल उपचारांनंतर वर्षभराने तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा, आकडा दुसऱ्या गटाच्या तुलनेत ०.६ ने कमी होता. देशात सुमारे दहा कोटी मधुमेही असल्याचा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा २०२३ मधला अंदाज समोर ठेवला तर हा मार्ग किती रुंद आहे ते कळते. हृदयापर्यंत पोहोचायचे असेल तर हिरडी या वाटेनेही पोहोचते, आणि ही वाट सोडतीच्या चाचणीने तपासलेली आहे.

आता पहिल्या, सिद्ध झालेल्या संबंधाकडे वळू. इथे दोघांचे सूर बदलतात.

हृदयरोगतज्ज्ञ : हृदयाच्या झडपेच्या रुग्णाबद्दल मला शंका नाही. झडप खडबडीत झालेली असेल किंवा कृत्रिम बसवलेली असेल, तर तिच्यावर रक्तातल्या चपट्या पेशींचा आणि तंतूंचा पातळ थर बसतो. तोंडातले स्ट्रेप्टोकोकस रक्तात आले की त्यांना त्या थरावर घर मिळते. तिथे ते वाढतात, झडप कुरतडतात, त्यांचे तुकडे सुटून मेंदूत जातात. हा एंडोकार्डायटिस. बारीक ताप महिनाभर येत राहतो, कुणी मलेरियाच्या गोळ्या देतो, कुणी टायफॉइडच्या, आणि रक्ताचे कल्चर करायच्या आधीच प्रतिजैविके देऊन जिवाणू लपवले जातात. आजही रुग्णालयात आलेल्यांपैकी पाचातला जवळपास एक दगावतो. लंडनच्या टॉमस हॉर्डर यांनी १९०९ मध्येच दीडशे रुग्णांच्या अभ्यासातून तोंडातल्या जिवाणूंकडे बोट दाखवले होते, आणि १९३५ मध्ये दात काढल्यावर लगेच रक्त तपासले तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांच्या रक्तात जिवाणू मिळाले. इथे जिवाणू तोच, वाट तीच, आणि झडपेवर तो जिवंत सापडतो.

दंतवैद्य : पण सर, इथे मी सावध आहे. १९५५ पासून दात काढण्याआधी प्रतिजैविक देण्याची शिफारस होती आणि कितीतरी प्रकारच्या हृदयरुग्णांना ते दिले जात होते. २००८ च्या अमेरिकी अभ्यासात दात काढल्यावर ६० टक्के लोकांच्या रक्तात जिवाणू मिळाले, आधी ॲमॉक्सिसिलिन दिले तर ३३ टक्के, आणि नुसता ब्रश केल्यावर २३ टक्के. दात आयुष्यात एकदा काढतात, ब्रश रोज होतो. म्हणजे खराब हिरड्यांच्या माणसाच्या रक्तात रोजच जिवाणू जातात, आणि एका दिवसाच्या गोळीने त्याचे रक्षण होत नाही. खरे रक्षण हिरड्या निरोगी ठेवण्यात आहे. याच विचाराने अमेरिकेने २००७ मध्ये प्रतिजैविक फक्त सर्वाधिक धोका असलेल्यांपुरते ठेवले: मुख्यतः कृत्रिम झडप, आधी होऊन गेलेला एंडोकार्डायटिस, आणि जन्मजात हृदयदोषांपैकी काही. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेने २००८ मध्ये ते जवळपास बंदच केले.

हृदयरोगतज्ज्ञ : आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये एंडोकार्डायटिसचे रुग्ण अपेक्षेपेक्षा जास्त वाढल्याचे २०१५ मध्ये दिसले. त्याचे कारण हेच होते असे मी ठामपणे म्हणणार नाही, तीही पाहणीच आहे. माझा नियम मला सोडता येणार नाही. पण २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ऐंशी लाख लोकांच्या विमा-नोंदी तपासल्या, तेव्हा सर्वाधिक धोका असलेल्यांमध्ये दात काढल्यानंतरच्या महिन्यात हा आजार ठळकपणे वाढलेला आणि प्रतिजैविक घेतलेल्यांत कमी आढळला. 'नाइस'नेही २०१६ मध्ये आपल्या वाक्यात 'सरसकट देऊ नये' अशी भर घातली. म्हणून कृत्रिम झडपेच्या रुग्णाने दात काढण्याआधी अर्धा ते एक तास दोन ग्रॅम ॲमॉक्सिसिलिन घ्यावे यावर मी आग्रही आहे, आणि तुम्ही म्हणता ते निरोगी हिरड्यांचे रक्षणही हवेच.

ऱ्हुमॅटिक हृदयविकाराचा प्रश्न मात्र या परदेशी नियमांनी सुटत नाही. लहानपणी घशाला स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग होतो, तो वेगळ्या जातीचा. त्यातून ताप आणि सांधेदुखी, आणि पुढे झडपा आखडतात. श्रीमंत देशांतून हा आजार जवळपास गेला, आपल्याकडे तो अजून आहे आणि गरिबांच्या मुलांत आहे. अमेरिकी यादीत अशी स्वतःची पण बिघडलेली झडप येत नाही. ऑस्ट्रेलियाने आपल्या आदिवासी समाजातला हा आजार पाहून ती यादीत घातली. मला ऑस्ट्रेलियाचा मार्ग आपल्याला अधिक जवळचा वाटतो, कारण आपल्या रुग्णाच्या तोंडाची स्थितीही तशीच बिकट असते आणि एंडोकार्डायटिस झाला तर शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचणे त्याला परवडत नाही. शिवाय यात एक खाच आहे. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णाला वाटते की आपल्याला दात काढताना वेगळे काही नको. ते इंजेक्शन घशातल्या जिवाणूसाठी असते. तोंडातले जिवाणू त्याला सरावलेले असू शकतात, म्हणून अशा रुग्णाला दातांच्या वेळी वेगळ्या गटाचे औषध द्यावे लागते. हे रुग्णाला सांगणार कोण?

दंतवैद्य : तुम्ही, सर. आमच्याकडे तो दाढ ठणकल्यावर येतो आणि झडपेचा उल्लेखही करत नाही, कारण दाताचा आणि हृदयाचा काही संबंध असेल हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी सल्ला दिलेला असतो म्हणून तो रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चार दिवस आधीच बंद करून येतो. दाताच्या खाचेतले रक्त मी दाबून, टाके घालून, औषधाचा बोळा ठेवून थांबवू शकते. बंद पडलेल्या गोळीमुळे स्टेंटमध्ये किंवा झडपेवर गुठळी झाली तर मी काही करू शकत नाही. गोळी चालू ठेवा, वॉरफेरिनसारखी असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासून मला आकडा द्या, एवढेच हवे असते. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या दातांवर चढतात. तेही रुग्णाला कळलेले नसते. आणि चालताना खालचा जबडा दुखतो, थांबल्यावर दुखणे ओसरते, दातात मात्र काही सापडत नाही, असा माणूस आला तर मी त्याची दाढ न काढता त्याला ईसीजीसाठी तुमच्याकडे पाठवायला हवे. ते माझे काम.

हृदयरोगतज्ज्ञ : मान्य. झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेआधी तोंड तपासून, काढायचे ते दात काढून, हिरड्या बऱ्या करून घ्यायच्या, वेळ मिळत असेल तर. घरी सोडताना कागदावर झडपेचा प्रकार, प्रतिजैविक लागेल की नाही, लागल्यास कोणते, आणि रक्त पातळ करणारी गोळी बंद करू नये, हे मराठीत लिहायचे. मशेरीबद्दल विचारायचे, कारण 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला मशेरी लावणारी बाई 'नाही' म्हणते. झटक्याबद्दल माझे मत तेच राहील, मॅडम. चाचणी येईपर्यंत मी माझ्या रुग्णाला स्केलिंगने झटका टळतो असे सांगणार नाही.

दंतवैद्य : मीही नाही सांगणार. मी त्याला सांगेन की हिरडीतून रक्त येते तो आजार आहे आणि तो बरा करता येतो. आणि खुर्चीत बसवण्याआधी फाइल मागेन.